पी-टू-रँक: फुकटात उत्तम, पण बी-फॅक्टरचा रकाना सांभाळा

प्रथिनाच्या रचनेत लहान रेणू जाऊन बसू शकेल असे खळगे शोधणाऱ्या विकतच्या पॅकेजचं लायसन्स संपलं आणि नूतनीकरणाचा आकडा बघून मी सरळ प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात तयार झालेलं, तेच काम करणारं फुकटातलं पी-टू-रँक उतरवून घेतलं. जवळजवळ वर्षभर रोजचं काम यावरच चाललंय. जावा असलं की पुरे. ग्राफिक्स कार्ड लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही एका रचनेतले खळगे काही सेकंदांत क्रम लावून हातात येतात.

पहिले काही आठवडे मात्र मी याच्यावर भयंकर चिडलो होतो. एकाच एन्झाइमची स्फटिकावरून मिळालेली रचना दिली तर सक्रिय जागेचा (जिथे एन्झाइमची अभिक्रिया घडते) खळगा पहिला, अल्फाफोल्ड या प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या एआय प्रोग्रॅमचं मॉडेल दिलं तर तोच मागे ढकललेला. दोन्ही रचना एकमेकांवर ठेवल्या तर जवळपास तंतोतंत जुळत होत्या. मग गुण असे का बदलावेत?

कारण फाइलीतल्या एका रकान्यात आहे. स्फटिकाच्या फाइलीत तिथे बी-फॅक्टर असतो: आकडा जितका मोठा तितका तो अणू डळमळीत. अल्फाफोल्ड त्याच रकान्यात स्वतःच्या खात्रीचे शंभरपैकी गुण भरतो. तिथे नव्वदच्या वर म्हणजे भक्कम. अर्थ नेमका उलटा! पी-टू-रँकचं नेहमीचं मॉडेल मात्र तो आकडा बी-फॅक्टर समजूनच वापरतं. उपाय साधा आहे, आज्ञेत '-सी अल्फाफोल्ड' जोडायचं. मग तो रकाना विचारातच घेतला जात नाही. क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेलं चित्रण) आणि एनएमआर (चुंबकीय अनुनाद) या पद्धतींनी मिळालेल्या रचनांनाही हेच वापरा. पण हे दर वेळी आपणच सांगायचं, याचा मला अजूनही राग येतो. फाइलीच्या शीर्षकात अल्फाफोल्ड असं ठसठशीत लिहिलेलं असतं, ते वाचून प्रोग्रॅमने आपणहून बदल करायला काय हरकत आहे?

एवढं जमल्यावर माझं मत पार बदललं. हे ओळखीचा साचा शोधत बसत नाही, पृष्ठभागावरचा एकेक बिंदू तपासतं, त्यामुळे कुणाशीच साधर्म्य नसलेल्या प्रथिनावरही चालतं. मर्यादा एकच मोठी: जो खळगा रचनेत उघडलेलाच नाही, तो दिसणार कसा? टेम-१ बीटा-लॅक्टमेज या पेनिसिलिन मोडणाऱ्या जीवाणूंच्या एन्झाइममध्ये सक्रिय जागेपासून सुमारे १६ अँगस्ट्रॉमवर (१.६ नॅनोमीटर) असा एक दडलेला खळगा आहे. रेणू आत शिरल्यावरच तो उघडतो. २००४ साली स्फटिकरचनेतून तो समोर आला. अशा कामाला रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करून त्यातल्या वेगवेगळ्या क्षणांच्या रचना पी-टू-रँकला द्याव्या लागतात.

विकतच्या पॅकेजचं नूतनीकरण आम्ही केलेलं नाही. त्या पैशांत हार्ड डिस्क घेतल्या.