सॅटेलाईट इंटरनेट : आधी वाट बघण्याचा, मग वापरण्याचा अनुभव

ज्यांना एवढं मोठं वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, इंटरनेट चांगलं आहे, कंपनी वैताग आहे. फायबर येणार येणार म्हणून वर्षं गेली आणि मोबाईलची रेंज घरातल्या एकाच खिडकीत मिळते अशा ठिकाणी राहत असाल तर याला खरंच पर्याय नाही, आणि हे कंपनीलाही पक्कं माहितीये, सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ओळखीत ज्यांनी दुसरीकडून घेतलंय त्यांचं रडगाणं पण साधारण हेच आहे.

तर बुकिंग. वेबसाईटवर पत्ता टाकला, नकाशावर आपल्या घराचं छप्पर दिसलं, खाली लिहिलेलं की तुमच्या भागात सेवा लवकरच, डिपॉझिट भरून जागा राखून ठेवा. भरलं. मग अकाउंटमध्ये एक ओळ दिसायला लागली, अंदाजे वर्षाच्या मध्यापर्यंत. वर्षाचा मध्य जवळ आला तशी ती ओळ गुपचूप बदलून वर्षअखेर झाली. मेल नाही, मेसेज नाही, मी उघडून बघितलं नसतं तर कळलंही नसतं. वर्षअखेर आली तेव्हा तारीखच गायब, नुसतं 'क्षमता उपलब्ध झाल्यावर कळवू'. घरी बाबा अधूनमधून विचारायचे, काय गं, आलं का तुझं आकाशातलं इंटरनेट, आणि मी दर वेळी नवीन तारीख सांगायचे, शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं.

फोन नंबर नाही, फक्त तिकीट. तिकीट टाकलं की बऱ्याच दिवसांनी उत्तर यायचं, त्यात पहिलं वाक्य ठरलेलं, 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' अरे मी संयम कधी दाखवला, मी तर तक्रार केलीये!

खरं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. माझ्यानंतर बुक केलेला ओळखीतला एक जण, जो माझ्याहून आत, डोंगराच्या पलीकडे राहतो, त्याच्याकडे डिश आली आणि मी अजून तशीच. मला वाटलं वशिला. मग बसून वाचलं तेव्हा कळलं की ही बँकेसारखी एकच रांग नसतेच मुळी. पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत फिरणाऱ्या सॅटेलाईटच्या या सिस्टीममध्ये जमिनीचे सेल पाडलेले असतात, एकेक सेल साधारण वीसेक किलोमीटरचा, आणि सॅटेलाईटचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, ज्या सेलवर पडतो तिथले सगळे ग्राहक तोच बीम वाटून घेतात. फ्रिक्वेन्सी मोजक्याच असल्यामुळे एका सेलला देता येणारी बँडविड्थ मर्यादित असते. म्हणजे अगदी आडबाजूला, जिथे बुकिंगच कमी, तिथे लगेच मिळतं, आणि शहराच्या जरा बाहेर, जिथे सगळ्यांनाच हवंय, तिथे सेल भरलेला. मी त्या दुसऱ्या प्रकारात. हे मला कंपनीने एका ओळीत सांगितलं असतं, 'तुमचा सेल भरलाय', तर मी एवढी चिडले नसते. थांबायला माझी ना नाही, पण मी कशासाठी थांबलीये ते तरी सांगा ना.

कारण थांबायची कारणं खूप वेगवेगळी असतात आणि ग्राहकाला मात्र सगळीकडे एकच 'लवकरच' दिसतं. कधी देशाची परवानगीच आलेली नसते. कधी सॅटेलाईट आहे पण जवळपास ग्राउंड स्टेशन, म्हणजे त्याला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारं केंद्र, नाही, आणि सॅटेलाईटमध्ये आपसात लेझर लिंक नसेल तर त्याला तुमची डिश आणि ग्राउंड स्टेशन दोन्ही एकाच वेळी दिसावं लागतं, नाहीतर डेटा खाली उतरवणार कुठे. कधी नुसत्या डिशचा तुटवडा, २०२१ मध्ये जगभर चिप मिळत नव्हत्या तेव्हा हे झालंच. आणि कधी वरच घोळ होतो. वायासॅट या सॅटेलाईट इंटरनेट कंपनीचा नवा मोठा सॅटेलाईट २०२३ मध्ये वर गेला, त्याचा अँटेना नीट उघडला नाही आणि कंपनीनेच नंतर सांगितलं की ठरलेल्या क्षमतेच्या १० टक्क्यांपेक्षाही कमी मिळणार. स्टारलिंकने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४९ सॅटेलाईट सोडले आणि लगेच आलेल्या सौर वादळामुळे त्यातले बहुतेक खाली येऊन जळून गेले. त्याच वर्षी वनवेब या अशाच दुसऱ्या कंपनीचं रशियन रॉकेटवरचं लॉन्च ऐनवेळी रद्द झालं, मग त्यांना दुसरी रॉकेटं शोधावी लागली, त्यातली दोन उड्डाणं आपल्या इस्रोने केली, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३, दोन्ही वेळा ३६-३६ सॅटेलाईट. आता यात कंपन्यांचा दोष किती हा वाद वेगळा, पण असं काही घडलं की ज्याने डिपॉझिट भरलंय त्याला कळवायला काय जातं?

मधल्या काळात कंटाळून जुन्या प्रकारचं सॅटेलाईट कनेक्शन घेतलं होतं, मोठी डिश, एकाच दिशेला फिक्स केलेली. ते लगेच मिळालं, आणि का लगेच मिळालं ते वापरल्यावर कळलं. तो सॅटेलाईट ३५,७८६ किलोमीटरवर, तिथून सिग्नल जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, उत्तर परत यायला अजून पाव सेकंद, वर बाकीचं धरून पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा एकूण वेळ, ६०० मिलीसेकंदांच्या पुढेच. व्हिडिओ बघायला चालतं, पण मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं की समोरचाही बोलायला लागलेला असायचा, मग दोघंही थांबणार, मग दोघंही परत एकदम सुरू. शेवटी मी हात वर करून बोलायला लागले. आणि महिन्याचा डेटा संपला की स्पीड असा पडायचा की मेलची अटॅचमेंट जाईना. ज्यांना फक्त मेसेज आणि थोडं ब्राउझिंग पुरतं त्यांनी हे घ्या, रांगेत उभं राहायची गरजच नाही.

शेवटी एकदाची ती मेल आली, की तुमची जागा लागलीये, अमुक दिवसांत पैसे भरून कन्फर्म करा नाहीतर नंबर जाईल. म्हणजे बघा, त्यांनी कितीही महिने घ्यावेत आणि आपण उत्तर द्यायला उशीर केला की नंबर गेला. आणि ही मेल माझ्या स्पॅममध्ये होती.

आता वापराचं. बॉक्समध्ये डिश, स्टँड, केबल, राउटर, सगळं होतं, लावायला कोणी येत नाही, आपलं आपण. ॲपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून गोल फिरवायचा, मग ते आकाशाचा घुमट काढून दाखवतं, जिथे अडथळा तिथे लाल. आमच्याकडे कोपऱ्यातल्या झाडाचा शेंडा लाल दिसत होता, अगदी थोडासा, मी म्हटलं एवढ्याने काय होतंय. होतं. इथे सॅटेलाईट एका जागी नसतो, ५५० किलोमीटरवरून ताशी सत्तावीस हजार किलोमीटरने पळत असतो, काही मिनिटांत मावळतो आणि डिश पुढचा पकडते, त्यामुळे त्यातला एखादा त्या शेंड्यामागून गेला की दोन-चार सेकंद सगळं थिजतं. डाउनलोडमध्ये कळणार पण नाही, मीटिंगमध्ये मात्र तुमचं तोंड अर्धवट उघडं राहून चित्र थांबतं. डिश छपरावर पाइप लावून उंच नेली तेव्हा हे जवळजवळ थांबलं. तर ऑर्डर करायच्या आधीच ॲप उतरवून, डिश लावायची त्या जागेवर उभं राहून आकाश तपासा, त्याला अकाउंट लागत नाही.

पिंग ३० ते ५० मिलीसेकंदांच्या आसपास, हे मला अजून खरं वाटत नाही. दिवसा स्पीड भरपूर, मुलाची ऑनलाइन परीक्षा आणि माझा कॉल एकत्र आरामात चालतो. संध्याकाळी सगळे घरी आले की पडतो, साधारण आठ ते अकरा, बंद नाही पण जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्मा पण नाही. याचंही कारण तोच सेल. मला जागा मिळावी म्हणून मी भांडत होते, आता आणखी लोक घेतले की माझाच स्पीड जाणार, त्यामुळे मी आता कोणाला शिफारस करू की नको अशी गंमत झालीये.

पावसाचं लोक विचारतात. रिमझिम, ढग, काही फरक नाही. जोराची सर आली की काही मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं, कारण या लहरी साधारण १० ते १२ गिगाहर्ट्झच्या, त्या मोठ्या थेंबांत शोषल्या जातात, त्यावर डिश हलवून वगैरे काही उपयोग नाही. लाईट जाते तिथे मात्र विचार करा, हे चोवीस तास ५० ते ७५ वॉट खातं, छोट्या राउटरवाल्या यूपीएसवर टिकत नाही, मोठा इन्व्हर्टर हवा. आणि पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा आपला स्वतंत्र इंटरनेट पत्ता, मिळत नाही, बरेच ग्राहक एकच पत्ता वाटून घेतात (याला सीजीनॅट म्हणतात), त्यामुळे ज्यांना बाहेरून घरातले कॅमेरे थेट उघडायचेत त्यांनी क्लाउडवाले कॅमेरे घ्या किंवा व्हीपीएनची काहीतरी सोय करा. मला ते नको होतं, मी नाद सोडला.

मग बिघाड. एका विजांच्या रात्रीनंतर राउटर चालू, डिश मेलेली. ॲपमध्ये सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर, डिश बंद करून चालू करा. केलं. दुसरं उत्तर दुसऱ्याच माणसाचं, केबल काढून पिनांचा फोटो पाठवा. छपरावर चढून पाठवला. तिसरं उत्तर तिसऱ्याचं, डिश बंद करून चालू करा. मी वरचंच सगळं पुन्हा चिकटवलं, त्यानंतर शांतता, आणि एके सकाळी नोटिफिकेशन आलं की आपली समस्या सुटल्यामुळे तिकीट बंद करत आहोत, अनुभव कसा वाटला ते कळवा. मी ते नोटिफिकेशन बंद पडलेल्या डिशखाली, खिडकीतल्या मोबाईल रेंजवर वाचत होते. नवीन तिकीट काढायचं म्हणजे परत पहिल्यापासून, कारण जुन्याचा नंबर दिला तरी नवीन माणूस ते उघडून बघत नाही. शेवटी बदली डिश आली, पैसे घेतले नाहीत हे कबूल, पण तोपर्यंतचं महिन्याचं बिल पूर्ण कापलं. ते परत मागितलं तर त्यासाठी वेगळं तिकीट काढा म्हणाले. काढलंय, अजून उघडं आहे.

घ्यायचंच असेल तर डिपॉझिट भरायच्या आधी लेखी विचारा की माझ्या सेलमध्ये आज जागा आहे का, डिपॉझिट मागितलं तर पूर्ण परत मिळतं का, आणि डिश बिघडली तर बंद काळाचं बिल लागतं का. उत्तर गोलगोल आलं तरी स्क्रीनशॉट काढून ठेवा, मला पुढे त्याचाच उपयोग झाला. आणि जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. मी ती मोठी डिश काढून टाकली पण खिडकीतला सिमवाला राउटर अजून रिचार्ज करते, महिन्याला फुकटचा खर्च आहे, पण परत वीज पडली तर बदली डिश येईपर्यंत मुलाच्या परीक्षेला तोच कामी येणार.