खांद्याच्या रोटेटर कफचं ऑपरेशन : डॉक्टरांना पाच स्टार, रात्रींना शून्य

आठ महिने झाले ऑपरेशनला, म्हणून आता लिहितेय. तिसऱ्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. हा रिव्ह्यू हॉस्पिटलचा कमी आणि या अख्ख्या पॅकेजचा जास्त आहे, कारण ऑपरेशन झालं दीड तासात आणि पॅकेज अजून चालूच आहे.

झालं असं की कपाटाच्या वरच्या खणातून जड बॅग ओढली, ती एकदम खाली आली, मी सोडायच्या ऐवजी धरून ठेवली (का धरली देव जाणे) आणि उजव्या खांद्यात टचकन काहीतरी झालं. महिनाभर पेनकिलर आणि शेक. दिवसा कसंबसं चालायचं पण रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा, आणि हात बाजूने वर न्यायला गेलं की अर्ध्यावरच अडायचा, म्हणजे कोणी दुसऱ्याने उचलून दिला तर वर जायचा पण माझा मला नेता यायचा नाही. एमआरआयमध्ये निघालं की सुप्रास्पायनेटस नावाच्या खांद्यातल्या स्नायूचं टेंडन पूर्ण तुटलंय. सगळे जण याला लिगामेंट म्हणतात, मीपण म्हणायचे, पण लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं आणि टेंडन स्नायूला हाडाशी. खांद्यात असे चार स्नायू मिळून हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात, आणि त्यातलं हे सगळ्यात वरचं बिचारं सगळ्यात जास्त वेळा तुटतं.

डॉक्टर आवडले कारण लगेच चाकू काढला नाही. अर्धवट फाटलेलं किंवा वयानुसार झिजलेलं असेल तर बऱ्याच जणांचं नुसत्या फिजिओवर भागतं, तुमचं चांगलं असताना झटक्याने पूर्ण तुटलंय म्हणून ऑपरेशन म्हणतोय, असं सरळ सांगितलं. फार थांबलं तर तुटलेलं टोक आत मागे सरकतं, स्नायू वाळतो, त्यात चरबी भरते आणि मग ओढून परत हाडाला लावणं अवघड जातं. शुगर विचारली, सिगरेट विचारली, कारण दोन्हीने जुळायला त्रास होतो. तुम्हालाही कोणी ऑपरेशन सांगितलं तर माझ्याच बाबतीत का, हे विचारा. नीट उत्तर आलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, चार छोटी भोकं. आत पाणी सोडून जागा करतात, हाडात छोटे अँकर बसवतात, अँकरला दोरे असतात आणि त्या दोऱ्यांनी टेंडन हाडावर ओढून बांधतात. अँकर आतच राहतात, नंतर काढायचे नसतात. पूर्ण भूल होतीच, शिवाय मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला, त्याला नुसतं ब्लॉक म्हणतात. आणि इथे माझी पहिली तक्रार. शुद्धीवर आले तर आवाज बसलेला, उजव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली, मला वाटलं झालं, अर्धांगवायू! नवऱ्याचा चेहरा पांढरा. नर्स शांतपणे म्हणाली, "ब्लॉकमुळे होतं मॅडम, उतरेल." उतरलंही दुसऱ्या दिवशी. पण हे वाक्य आधी सांगायला किती सेकंद लागले असते? खांदा पण पाण्याने टम्म फुगलेला असतो आणि नंतर काळंनिळं पार कोपरापर्यंत उतरतं, त्याला घाबरू नका. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, तर मात्र वाट न बघता फोन करा.

आता रात्री. पहिली संध्याकाळ मजेत गेली कारण हात माझा नव्हताच, डाव्या हाताने उचलून उशीवर ठेवायचा, कोणाचातरी विसरलेला हात असल्यासारखा. ब्लॉक साधारण 12 ते 24 तास टिकतो. दुखत नाहीये म्हणून मी शहाणपणा करून रात्रीची गोळी घेतली नाही, आणि पहाटे तीनला ब्लॉक उतरला. उतरला म्हणजे काय, कोणीतरी खांद्यात गरम पहार घालून फिरवतंय असं. गोळी घेतली पण ती चढेपर्यंत तासभर मी पलंगाच्या कडेला बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. तर गोळी ब्लॉक उतरायच्या आधी, सांगितलेल्या वेळेला, दुखो न दुखो. आडवं झोपता येत नाही हेही कोणी बोललं नव्हतं. पाठीमागे उशांचा डोंगर करून अर्धवट बसून झोपायचं, कोपराखाली एक उशी, असं मी जवळजवळ पाच आठवडे झोपले. झोपले म्हणजे डुलक्या काढल्या. जमलं तर रिक्लायनर खुर्ची आधीच आणून ठेवा.

स्लिंगला दोन स्टार. साधी झोळी नसते, कमरेला एक जाडजूड उशी आणि त्यावर हात, म्हणजे टेंडनवर ताण येत नाही. काम चोख करतं पण वेल्क्रो पांघरुणाला चिकटतं आणि रात्री दोनला चर्रर्र आवाज करून घर उठवतं. मला सहा आठवडे होतं, छोटं फाटलेलं असेल तर काहींना चारच सांगतात. शर्ट पुढून बटणांचा, आणि घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायला कमरेत वाकून हात नुसता लोंबू द्यायचा, मग तो उचलावा लागत नाही. केस मात्र नवरा बांधायचा. कसे ते विचारू नका.

फिजिओ. इथे दोन अनुभव. पहिल्या ठिकाणी मशीन लावून वीस मिनिटं ठेवायचे आणि पुढच्या पेशंटकडे जायचे, हात कोणी धरलाच नाही. तीन वेळा गेले आणि सोडलं. दुसऱ्या ठिकाणची फिजिओ मुलगी मला काकू म्हणते (माझं वय 52, असो) पण तिला दहा स्टार. सुरुवातीला नुसतं वाकून हात पेंडुलमसारखा झुलवणं, बोटं-मनगट-कोपर हलवणं, आणि बाकी सगळं ती करणार, माझा स्नायू गप्प. सहा आठवड्यांनंतर काठी धरून, मग स्वतःच्या जोरावर. रबर बँड तीन महिन्यांनंतर. भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम होता, तर मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून तारीख टाकायचे. एकदा दहा दिवस खूण जागची हलली नाही आणि मी रडले, खोटं कशाला सांगू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कळायला उशीर झाला. नवव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं. मला वाटलं झालो बरे, उचलली भरलेली बादली. फिजिओला सहज सांगितलं तर ती दोन मिनिटं बोललीच नाही, मग म्हणाली, "काकू, दुखायचं थांबलंय, जुळायचं नाही थांबलेलं." टेंडन हाडाला धरायला महिने लागतात आणि परत तुटायचं असलं तर बहुतेक याच पहिल्या काही महिन्यांत तुटतं. सोनोग्राफी केली, नशिबाने शाबूत होतं. पण तो आठवडा मी ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त टेन्शनमध्ये काढला.

आजची स्थिती : हात वर पूर्ण जातो, रात्री उजव्या कुशीवर झोपते, गाडी दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून सुरू केली. टायपिंग तर दुसऱ्या आठवड्यापासूनच, कोपर अंगाला चिकटवून. पाठीमागे हात अजून कमरेच्या वर जात नाही, ब्राचे हूक पुढून लावून फिरवते. ताकद डाव्याच्या मानाने कमीच, वर्ष धरून चाला म्हणालेत.

डावा मात्र या आठ महिन्यांत दोघांचं काम करून आता कुरकुरायला लागलाय. पुढच्या आठवड्यात दाखवायचाय. बॅगा तेव्हाच खालच्या खणात आणल्यात.