अकरा महिने आणि सुमारे ८०० किलोमीटर: हळू धावण्याचा माझा अनुभव

धावायला सुरुवात केली तेव्हा कारण साधं होतं. रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलं. आनंद, श्रद्धा असलं काही मनात नव्हतं. उलट त्या दिवसांत माझी प्रार्थना जवळजवळ बंद पडली होती. डोळे मिटून बसले की दोन मिनिटांत राहिलेली कामं आठवायची आणि मी अपराधी मनाने उठायचे.

सुरुवात एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एवढंही जमेना. छाती फुटेल असं वाटायचं. चूक वेगाची होती, आणि नवख्या बहुतेकांची तीच असते. मग एक जुना नियम कळला: धावता धावता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करायचा, अगदी चालणारा माणूस पुढे गेला तरी.

बोलायचं काय, हा प्रश्न होता. एकटीने मोठ्याने काय बोलणार? तोंडपाठ असलेली एकच गोष्ट चटकन ओठांवर आली, लहानपणी झोपण्यापूर्वी म्हणायचे ती चार ओळींची प्रार्थना. श्वास मोजण्यासाठी म्हणून ती म्हणायला लागले. दुसरी ओळ तुटली की पावलं आवरायची, चारही ओळी सलग निघाल्या की वेग बरोबर. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी लक्षात आलं की मी वेग तपासतच नाहीये, मी खरोखर प्रार्थना करतेय. पाय कामात गुंतलेले होते, म्हणून मन पळायला मोकळं नव्हतं. त्या दिवशी थांबून रडले. आजही माझा योग्य वेग तोच आहे, ज्या वेगात ती प्रार्थना पुरी होते.

आनंदाबद्दल मात्र खरं तेच सांगते, तो रोज मिळत नाही. दहा वेळा धावले तर तीनदा मिळतो, बहुधा अर्धा तास उलटल्यावर. खांदे सैल पडतात, पाय आपोआप चालू राहतात आणि समोरचं साधं झाडही डोळे भरून पाहावंसं वाटतं. याचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदना कमी करणाऱ्या रसायनाला, दिलं जायचं, पण ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. आता शास्त्रज्ञांचं लक्ष शरीरात तयार होणाऱ्या दुसऱ्या एका रेणूकडेही आहे. १९९२ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचं नाव ठेवलं गेलं आनंदामाइड, संस्कृत ‘आनंद’वरून. हे वाचून मला फार बरं वाटलं. आनंदाला रसायन आहे म्हणून माझा आनंद खोटा ठरत नाही. देणाऱ्याने तो शरीरातच ठेवून दिलाय, असं मी मानते.

चौथ्या महिन्यात नडगी दुखायला लागली. आठवड्याचं अंतर बारा किलोमीटरवरून एकदम वीसवर नेलं होतं. दम वाढला होता, त्यामुळे जमतंय असं वाटलं. पण हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, हाडं आणि स्नायुबंध महिने घेतात. साडेतीन आठवडे धावणं बंद झालं आणि नाव नोंदवलेली दहा किलोमीटरची शर्यतही सोडावी लागली. तेव्हा मला स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचा आधार वाटला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, आणि त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेत तो दिवस देवाचा, म्हणून त्याने ती शर्यतच सोडली. पुढे ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. लोक पदकाची गोष्ट सांगतात. मला मात्र तो निर्णय आणि पदक यांच्या मधले महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण रविवारचं त्याला आधीच कळलं होतं आणि पुढे काय मिळणार हे ठाऊक नसताना त्याने हातातलं सोडलं होतं. त्या आठवड्यांत मी फक्त चालले, प्रार्थना तीच ठेवली.

आणखी एक सकाळ. आदल्या रात्री भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. पहिले दोन किलोमीटर मी मनात त्याला उत्तरं देत होते, एकाहून एक धारदार. तिसऱ्यात चढ लागला. राग धरून ठेवायला दम लागतो, आणि चढावर तो पायांनाच पुरत नव्हता. वर पोहोचले तेव्हा माझ्या बाजूची चूक स्वच्छ दिसत होती. घरी येऊन फोन केला. त्याने उचलला नाही. पाच दिवसांनी उचलला.

बुटांबद्दल थोडं. पहिले बूट नेहमीच्या मापाचे घेतले आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. धावताना पाय पुढे सरकतो, अर्धा नंबर मोठा घ्यावा. साधारण ६०० किलोमीटरनंतर तळव्याचा फोम दबला, गुडघ्यांना आधी कळलं. मनगटावरचं घड्याळ आता बाहीखाली झाकते. इअरफोन लावत नाही, त्याने माझी चार ओळींची लय मोडते.

वजन फक्त दोन किलोंनी उतरलं. रक्तदाब उतरला, तरी लहान डोसची गोळी चालू आहे. झटपट बदल हवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, आणि सांधे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण ज्यांना स्वस्थ बसून प्रार्थना जमत नाही, त्यांना मी मनापासून सांगेन की एक महिना बोलता येईल इतकं हळू धावून बघा.

कोरडे दिवस मलाही येतात. मागच्या आठवड्यात सलग तीन वेळा शब्द नुसते तोंडातून निघत होते, आत काही हलत नव्हतं. तरी चारही ओळी पूर्ण म्हटल्या आणि ठरलेलं अंतर पुरं करून परतले.