भुताच्या वाड्यातला नाताळ

अमेरिकेतल्या अनाहाइमच्या डिस्नेलँडमधील 'हॉन्टेड मॅन्शन' हा रुळांवरून फिरणाऱ्या पाळण्यात बसून पाहायचा भुतांचा वाडा १९६९ साली खुला झाला. मात्र २००१ पासून, २०२० चा अपवाद वगळता, दरवर्षी शरद ऋतूच्या तोंडावर तो काही दिवस बंद ठेवून त्याचे रूप पालटले जाते आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तेथे 'हॉन्टेड मॅन्शन हॉलिडे' चालते. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या १९९३ च्या चित्रपटातील सांगाडा जॅक भुतांच्या घरी नाताळ साजरा करायला आला आहे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. रूळ तेच, काळ्या पाळण्यांची संथ गतीही तीच, तरीही दारातल्या भोपळ्यांपासून बर्फाने झाकलेल्या स्मशानापर्यंत सारा वाडा नवा वाटतो.

खरी मजा नाचघरात आहे. पाळणा सज्जावरून वळतो तोच आले-दालचिनीच्या गोड पावाचा वास येतो आणि खाली, पारदर्शक भुते गरगर नाचत असताना, मेजवानीच्या टेबलावर जिंजरब्रेडचे अवाढव्य घर दिसते. त्याचा आराखडा दरवर्षी बदलत असल्याने जुने प्रेक्षकही आधी तेच पाहतात. काचेतील प्रतिबिंबाची ही भुते म्हणजे रंगभूमीवरची एकोणिसाव्या शतकातली युक्ती, पण अजूनही फसवते.

भीती मात्र पातळ होते. मूळ वाड्यातली कुजबुजती उदासी या रोषणाईत हरवते, त्यामुळे प्रथमच जाणाऱ्याने शक्यतो वसंत ऋतूत जावे. लहान मुले सोबत असतील, तर ऑक्टोबरच बरा.