एम-६ लावणार की एम-८? घरच्या गाडीकामासाठी स्वस्त रिव्हेट नट हत्यारांची तुलना

व्हॅनच्या आत फळ्या लावायच्या असोत, बोनेटखाली रिले बसवायचा असो किंवा बाइकच्या चौकोनी पाइपच्या कॅरिअरवर पेटी घट्ट करायची असो, अडतं एकाच ठिकाणी. पत्र्यामागे हात पोचत नाही, मग नट धरायचा कुणी? एक मिलिमीटरच्या पत्र्यात टॅपने आटे पाडले तर जेमतेम एक आटा धरतो. वेल्डिंग केलं तर रंग जळतो आणि मागून गंज सुरू होतो. बी. एफ. गुडरिच या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ झटकणाऱ्या रबरी पट्ट्या बसवण्यासाठी रिव्हनट, म्हणजेच रिव्हेट नट, काढला, तोही याच नडीतून. एका बाजूनेच बसणारा, आतून आटे असलेला पोकळ रिव्हेट.

हत्याराचं काम फक्त ओढण्याचं. ते नटाचे आटे आपल्याकडे खेचतं, मधला पातळ भाग पत्र्यामागे फुगतो आणि नट जागेवर आवळला जातो. किती जोर लागेल हे नटाच्या मापावर (एम-६ म्हणजे सहा मिलिमीटरच्या बोल्टचा) आणि धातूवर ठरतं. म्हणून हत्यार निवडण्याआधी नट ठरवा.

पॉप रिव्हेटच्या पकडीसारखं दिसणारं छोटं हत्यार सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं. अ‍ॅल्युमिनियमचे एम-४, एम-५ नट ते छान बसवतं, एम-६ही बसतो. पोलादी एम-६ला मात्र दोन्ही हातांचा जोर लागतो आणि मॅण्ड्रेलचे, म्हणजे नटात फिरवून बसणाऱ्या हत्याराच्या दांडीचे, आटे लवकर झिजतात. खोक्यावर एम-८ लिहिलेलं असलं तरी त्या भरवशावर घेऊ नका. नंबरप्लेट, वायरिंगचे क्लॅम्प, डॅशबोर्डखालची पट्टी एवढंच करायचं असेल तर हे पुरेसं आहे.

लांब हातांचं हत्यार, साधारण तेरा ते सोळा इंची, खरं कामाचं. हात लांब असल्याने पोलादी एम-८ही सहज ओढला जातो, एम-१०ला घाम येतो. बऱ्याच मॉडेलांत किती ओढायचं ते आधी बांधून ठेवता येतं आणि माझ्या मते या हत्यारासाठी जास्त पैसे मोजण्याचं हेच मोठं कारण आहे. एकदा टाकाऊ पत्र्यावर माप जमलं की पुढचे सगळे नट सारखे बसतात. अडचण जागेची. हात पूर्ण उघडायला मोकळी जागा हवी. सीटखाली किंवा दाराच्या खांबाच्या आत ते शिरत नाही.

तिथे दोन पान्यांवर चालणारं छोटं हत्यार कामी येतं. एका पान्याने बॉडी धरायची, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. हे सर्वांत स्वस्त आणि पोलादी एम-८लाही पुरून उरतं, कारण इथे जोर मनगटाचा नसून आट्यांचा असतो. हायटेन्साइल बोल्ट, एक जाड नट आणि दोन-तीन वॉशर घेऊन असं घरीही जमवता येतं. बोल्टच्या आट्यांना आणि वॉशरना ग्रीस लावा. बॉडीचा पाना सुटू देऊ नका, नाहीतर नट भोकात गरागरा फिरतो आणि मग तो ड्रिलनेच काढावा लागतो. काम संथ चालतं, पण दहा-बारा नटांसाठी मी हेच घ्यायला सांगेन.

ड्रिलला लागणारं अडॅप्टर वेगवान असतं, पण नवख्या हातांना मी ते सुचवत नाही. नट पुरेसा बसला हे हाताला कळायच्या आत आटे उपटले जातात. ज्याला व्हॅनभर नट लावायचे आहेत आणि क्लचवाला ड्रिल हाताखालचा आहे, त्याने मंद वेगावर खुशाल वापरावं.

कोणतंही घेताना मॅण्ड्रेल बदलता येतो का ते आधी बघा. स्वस्त हत्यारात पहिल्यांदा जातो तो तोच. त्याच्या जागी १२.९ या मजबूत ग्रेडचा साधा अ‍ॅलन बोल्ट बसत असेल तर ते हत्यार वर्षानुवर्षं चालेल. खोक्यात किती नट फुकट आहेत याला महत्त्व देऊ नका. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट घातला की नट गंजून बोल्ट आवळून धरतो आणि खोलताना दोन्ही एकत्र फिरतात. झिंक चढवलेले, बाहेरून खाचा असलेले पोलादी नट वेगळे विकत घ्या.

नट फिरला की दोष हत्याराला दिला जातो, पण पुष्कळदा भोकच मोठं झालेलं असतं. एम-५ला ७, एम-६ला ९ आणि एम-८ला ११ मिलिमीटर हे नेहमीचं माप, तरी पाकिटावरचं वाचूनच ड्रिल करा. नट किती जाडीच्या पत्र्यासाठी आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. पायऱ्यांचा बिट वापरलात तर भोक गोल पडतं. कड साफ करून उघड्या धातूला झिंक प्रायमर लावा आणि तो वाळल्यावरच नट बसवा.

खांबात किंवा छताच्या कडेला ड्रिल लावण्याआधी आत वायर किंवा पडद्याची एअरबॅग नाही ना, याची खात्री करा. सीटबेल्ट, सीट, टो हुक आणि ब्रेकचा कोणताही भाग रिव्हेट नटावर कधीही बसवू नका, हत्यार कितीही महागाचं असलं तरी. ते कंपनीने दिलेल्या मूळ जागीच आवळायचे.