क्लासिक ३५० घ्यावी की होंडा हायनेस? मराठवाड्यातल्या रस्त्यांवरचा हिशोब

गोल दिव्याची, जुन्या धाटणीची, भारदस्त गाडी घ्यायची हे मनात पक्कं असतं. अडतं ते कोणती घ्यायची यावर. आमच्या भागात हा प्रश्न फिरून फिरून दोन नावांपाशी येतो, रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आणि होंडाची हायनेस सीबी३५०. मी अंबाजोगाईला राहतो आणि नुकतीच क्लासिक घेतली आहे. माझे साडू जालन्याला असतात. त्यांनी त्याच सुमारास हायनेस घेतली. दिवाळीत ते आणि मेहुणी गाडीवरच आमच्याकडे आले, तेव्हा गाड्यांची अदलाबदल करून आम्ही लातूर, परळी, बीड असे भरपूर हिंडलो. दोन्ही गाड्या नव्या, दोन्ही चालवणारे तेच, रस्तेही तेच, त्यामुळे फरक चांगला कळला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठवाड्यात ही गाडी निवडताना इंजिनाच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. मागे कोण बसणार आणि पंक्चर कुठे काढून मिळणार.

पंक्चरपासूनच सुरू करतो, कारण शोरूममध्ये यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचा काटा टायरमध्ये घुसला की बाहेरून दिसतसुद्धा नाही. हायनेसला सरसकट अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर आहेत. क्लासिकमध्ये तसं नाही. तिच्या बऱ्याच रंगांना तारांची चाकं येतात आणि त्यात ट्यूब असते. अलॉय आणि ट्यूबलेस हवं असेल तर डार्क प्रकारातली गाडी घ्यावी लागते. मी तीच घेतली. आमच्या शाळेतल्या एका सरांनी मात्र क्रोमच्या चकाकीसाठी तारांची घेतली. बर्दापूरच्या अलीकडे त्यांचं मागचं चाक बसलं तेव्हा मी सोबत होतो. ट्यूब बदलायची तर अख्खं चाक काढायचं, म्हणजे एक्सलचा मोठा नट सोडवायचा, चेन उतरवायची, ब्रेक सांभाळायचा. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तेवढा मोठा पाना नव्हता. तो बिचारा ट्रॅक्टरवाल्याकडून मागून आणेपर्यंत आमची दुपार गेली. माझ्या चाकाकडे बघून तो म्हणाला, "सर, ह्याला काय नाय, निस्ता दोरा घालायचा अन् हवा मारायची. चाकाला हातबी लावायचं काम नाय." तारांची चाकं या गाडीला शोभतात, यात वाद नाही. पण ज्यांना रोज तालुका ते गाव करायचं आहे, त्यांनी शोभेपेक्षा त्या दोऱ्याचा विचार करावा.

आता मागे बसणाऱ्यांचं. घरात आई असेल, पत्नी साडी नेसत असेल, तर हा मुद्दा शेवटी ठेवू नका. क्लासिकची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर आणि हायनेसची ८०० मिलिमीटर, म्हणजे उंचीत नाव घेण्याजोगा फरक नाही. फरक बैठकीत आहे. क्लासिकला मागची गादी वेगळी, तर हायनेसची सीट एकसंध आणि लांब. माझी आई एका बाजूला पाय सोडून बसते. क्लासिकवर ती आधी ओट्याच्या पायरीवर उभी राहते, एक हात माझ्या खांद्यावर टाकते, मागची दांडी धरते आणि मग बसते. एकदा बसली की पक्की बसते, कारण गादीची कड तिला मागून आधार देते. हायनेसवर तिला चढणं सोपं गेलं, पण ब्रेक लागला की ती हळूहळू पुढे सरकते असं तिचं म्हणणं. मेहुणीचं मत नेमकं उलटं. ती दोन्हीकडे पाय टाकून बसते आणि जालन्याहून येताना लांबच्या प्रवासात तिला एकसंध सीटच बरी वाटली. त्यामुळे घरातलं माणूस कसं बसतं ते बघा. साडी गार्ड नीट बसवलंय का आणि पदर चाकाकडे जातो का, हे गाडी ताब्यात घ्यायच्या आधी त्यांना बसवूनच तपासा.

इंजिनाचं आता. क्लासिक ३४९ सीसीची, ताकद २०.२ बीएचपी, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २७ न्यूटन मीटर आणि तो इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांना. हायनेस ३४८ सीसीची, २०.८ बीएचपी, ३० न्यूटन मीटर आणि तो ३,००० फेऱ्यांनाच. दोन्हींत पिस्टनचा प्रवास लांब आहे, क्लासिकमध्ये ८५.८ आणि हायनेसमध्ये ९०.५ मिलिमीटर. म्हणून दोन्ही गाड्या कमी वेगात, न ओरडता ओढतात. कागदावर होंडा सरस दिसते. रस्त्यावर गंमत अशी की तिचे गिअर लांब आहेत, म्हणजे प्रत्येक गिअर जास्त वेगासाठी बांधलेला. मांजरसुंब्याच्या घाटात दोघं बसून, सामान बांधून चढताना क्लासिक चौथ्यात रेटत वर येते. हायनेसला तिथे तिसरा टाकावा लागतो. मात्र घाट संपून गेवराईकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्याला लागलात की बाजू पालटते. हायनेस ९० ला निवांत चालते, हाताला काही जाणवत नाही. क्लासिक ८० च्या आसपास सर्वांत खूश असते, त्यापुढे जाते पण तिचा जीव रमत नाही.

जुनी बुलेट चालवलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. २०२१ साली क्लासिकला नवीन इंजिन आलं, त्यात थरथर मारण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट आहे. तासभर चालवल्यावर हाताला मुंग्या यायच्या ते दिवस गेले. आवाजही आता सौम्य, गोल झाला आहे. काहींना तो आवडत नाही, मला मनापासून आवडतो. कोणी सायलेन्सर बदलून देतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घातले आहेत, आणि गल्लीत कोणाच्या घरी तान्हं बाळ असतं, कोणाच्या घरी आजारी माणूस असतं.

वजन क्लासिकचं १९५ किलो, हायनेसचं १८१. चालत्या गाडीवर हे १४ किलो कळत नाहीत, उलट जड गाडी ट्रकच्या वाऱ्याने हलत नाही. कळतात ते बोळातून गाडी मागे ओढताना आणि शेताच्या रस्त्यावर. काळी माती ओली झाली की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च भरते, चाक फिरेनासं होतं आणि काठीने उकरून काढावं लागतं. अशा वेळी हलकी गाडी ती हलकीच. उंची कमी असलेल्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी हायनेसकडे झुकावं, असं मी बिनदिक्कत सांगेन.

होंडाची आणखी एक गोष्ट आपल्या पावसाळ्यात कामाची आहे. ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर येतात तेव्हा चाकांना लागलेली काळी माती वाटेत पडत जाते. त्यावर भुरभुर पाऊस झाला की तो पट्टा साबण लावलेल्या फरशीसारखा होतो. हायनेसला ट्रॅक्शन कंट्रोल आहे, मागचं चाक घसरायला लागलं की इंजिनाचा जोर आपोआप कमी होतो. क्लासिकला हे नाही, तिथे मूठ हलक्या हाताने पिळायची सवय लावून घ्यावी लागते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्हींना आहे. क्लासिकच्या सर्वांत स्वस्त प्रकारात मात्र तो फक्त पुढच्या चाकाला मिळतो, तेवढं विचारून घ्या.

दिव्याबद्दल. कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळशांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हायनेसला पहिल्यापासून एलईडी हेडलाइट आहे. क्लासिकला तो २०२४ च्या सुधारणेत आला. दारात उभा असलेला जुना स्टॉक किंवा सेकंडहँड क्लासिक बघत असाल तर अंधार पडल्यावर एकदा दिवा लावून बघाच. आमच्याकडे केज–अंबाजोगाई रस्त्यावर हा दिवा म्हणजे जिवाची गोष्ट आहे.

उन्हाचं फार सांगत नाही. दोन्ही गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होणारं, तेव्हा परभणी-नांदेडच्या ४२-४३ अंशांत सिग्नलला उभं राहिलं की पायाला झळ लागणारच. टाकी होंडाची १५ लिटरची, क्लासिकची १३. सरासरी आम्हा दोघांनाही लिटरला ३५ किलोमीटरच्या जवळपास पडते.

सर्व्हिसिंगचा प्रश्न मात्र निर्णय फिरवू शकतो. रॉयल एनफील्डचं वर्कशॉप सहसा जिल्ह्याच्या गावी मिळतं, आणि बाहेरही बुलेटवर हात बसलेला मिस्त्री तालुक्यात सापडतो. क्लच केबल, ब्रेक पॅड यांसारखे रोजचे पार्ट दुकानात असतात. होंडाची ३५० सीसी गाडी मात्र बिगविंग या वेगळ्या शोरूममधून विकली जाते. चौकात होंडाची पाटी दिसली म्हणजे तिथे हायनेसचं काम होईलच असं नाही. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं बिगविंग किती लांब आहे हे आधी बघा. साडू शहरात राहतात, त्यांना अडचण नाही. मी अंबाजोगाईत, माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यांत जड ठरला. विकायची वेळ आली तर क्लासिकला गिऱ्हाईक गावातच मिळतं, हायनेससाठी जाणकार शोधावा लागतो.

जावा ३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० यांचाही विचार होतोच. जावा ३३४ सीसीची, पाण्यावर थंड होणारी आणि सहा गिअरची, चालवायला चपळ. ज्यांच्या घरी पूर्वी जावा-येझदी होती त्यांचं मन तिच्यावर जातं ते मी समजू शकतो. ट्रायम्फ बजाज चाकणला बनवते, तिची ताकद क्लासिक आणि हायनेसच्या जवळपास दुप्पट. वजनाने ती या दोघींपेक्षा हलकीच आहे. तिचा चेहरा जुना असला तरी ती तरुणांची वेगवान गाडी आहे. आई-वडिलांना मागे बसवून तुळजापूरला न्यायचं असेल तर ती माझ्या यादीत नाही.

पैशांचं गणितही ३५० च्या रेषेवर फिरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे क्लासिक, हायनेस आणि जावा कराच्या खालच्या टप्प्यात आहेत.

तर तालुक्याला किंवा खेड्यात राहत असाल, घाट-चढ रोजचे असतील, आई एका बाजूला बसत असेल, तर अलॉय चाकांची क्लासिक घ्या. छत्रपती संभाजीनगर, जालना यांसारख्या शहरात राहत असाल, चौपदरीवर जास्त धावत असाल किंवा जड गाडी झेपत नसेल, तर हायनेस घ्या, आणि बुलेट नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. टेस्ट राइड घेताना शोरूमच्या पुढच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. मागे घरचं माणूस बसवा, एखादा चढ आणि दोन-चार गतिरोधक येतील असा रस्ता मागून घ्या, आणि परत आल्यावर गाडी स्वतःच्या हाताने डबल स्टँडला लावून बघा. पहिली सर्व्हिसिंग क्लासिकला ५०० किलोमीटरलाच येते. तोवर इंजिन दामटू नका, आणि सर्व्हिसिंगची तारीख गाडी घ्यायच्या दिवशीच लिहून घ्या.