हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटऱ्या वेगळ्या झाल्या असे नाही

गेल्या वर्षीच्या मासेमारीबंदीत आम्ही हर्णै बंदरात बोटीच्या विजेच्या कामाला हात घातला. तोपर्यंत इंजिनचा सेल्फ, दिवे, वायरलेस आणि फिशफाइंडर या सर्वांचा भार एकाच 12 व्होल्टच्या बॅटरीवर होता. सेल्फसाठी एक आणि बाकी उपकरणांसाठी दुसरी बॅटरी असावी हा आमचा विचार योग्यच होता. माणूस मात्र चुकीचा निवडला.

त्या वायरमनने दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक काळी बंद डबी बसवली आणि ती व्होल्टेज पाहून चालणारी रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असल्याचे सांगून तिचे साडेनऊ हजार रुपये घेतले. खरी रिले असती, तर इंजिन सुरू होऊन सेल्फच्या बॅटरीचा व्होल्टेज साधारण 13.3 च्या वर गेल्यावर तिने दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगसाठी जोडल्या असत्या आणि इंजिन बंद झाल्यावर तो 12.8 च्या आसपास उतरताच पुन्हा अलग केल्या असत्या. वायरमनने इंजिन चालू करून मीटर लावून दाखवला: दोन्हीकडे 14 व्होल्ट आणि डबीवर हिरवा दिवा. आम्ही खूश झालो. वास्तविक अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच असायला हव्यात, त्यामुळे त्या आकड्यांवरून त्या पुढे वेगळ्या होतात की नाही हे मुळीच कळत नाही. तेव्हा हे सुचले नाही, याची अजून लाज वाटते.

ऑगस्टअखेर एका रात्री इंजिन बंद करून नांगरावर होतो. पहाटे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, चावी फिरवली, तर नुसती टक् टक् झाली. सहा सिलिंडरचे इंजिन हाताने फिरवणे शक्य नव्हते, आणि वायरलेसवरून हाक मारावी तर बोलण्याची कळ दाबताच तो बंद पडे. आठच्या सुमारास जवळून निघालेल्या एका बोटीने आपली जादा बॅटरी दिली, म्हणून परतलो.

बंदरात येताच डबी फोडली. आत दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरींचे बोल्ट कायमचे जोडणारी तांब्याची पट्टी होती आणि दिव्याची वायर थेट चावीच्या स्विचला नेलेली होती; रिले नावाची वस्तूच नव्हती. वायरमन फोनवर म्हणाला, “खारं पाणी आत गेलं असेल.” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. हिशेब साध्या चिठ्ठीवर होता, तिच्यावर ना सही ना दुकानाचे नाव, त्यामुळे तक्रारीला आधारच उरला नाही.

नवी रिले दुसऱ्याकडून पक्क्या बिलावर घेतली आणि मजुरी देण्यापूर्वी इंजिन बंद करून, दिवे व फिशफाइंडर लावून दोन तास मीटरसह बसलो. चार्जिंग थांबल्यावर व्होल्टेज काही काळ चढाच राहतो, म्हणून सुरुवातीचे आकडे धरले नाहीत. दोन तासांनी दिव्यांची बॅटरी 12.3 वर आली होती आणि सेल्फची 12.7 वर होती. मग पैसे दिले.